नकटीच्या डोळ्यातला टाका

डॉक्टरांच्या मानेचा घेर पावणेसोळा इंच भरला. मास्तरणीने टेप गळ्याभोवती धरली, कॉलर सैल बसावी म्हणून नेमाप्रमाणे आत एक बोट घातलं, आणि ते बोट गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच ठेवलं. टेप हातात, मान टेपेत, आणि शिलाईच्या दुकानात भावजयीखेरीज कुणी नाही. असा योग आयुष्यात पुन्हा येणार नाही, हे तिला कळत होतं.

“घट्ट होतंय,” डॉक्टर म्हणाले.

“मापच घेतेय,” मास्तरीण म्हणाली आणि तिने बोट काढलं.

तोंडावर अहो-जाहो आणि मनात अरे-तुरे, अशी दुहेरी शिलाई गेले अडीच महिने चालू होती. पण या माणसाने आपल्याला ओळखलंसुद्धा नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या टेबलासमोर ती इतक्यांदा बसली, ज्याच्यापुढे एकदा भडभडून रडली, तो आरशात आपले खांदे न्याहाळत विचारत होता, “बाई, बंद गळ्याचे कोट तुमच्याकडे बरे होतात असं हिनं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे. तोवर होईल ना?”

‘ही’ म्हणजे डॉक्टरांची बायको, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. कार्यक्रम कसला, तेही तिनेच कापड टाकताना कौतुकाने सांगितलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांची संघटना यांचा गौरव करणार होती. कशाबद्दल, तर डोळ्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल.

डोळ्यांच्या!

तेवढ्यात कापायच्या टेबलाखालून घरघर ऐकू आली. “मशीन दुरुस्तीला आलंय वाटतं,” डॉक्टर हसून म्हणाले.

“हो ना, जुनं झालंय,” भावजय घाईघाईने म्हणाली.

ते मशीन नव्हतं. ती मास्तरणीची कुत्री नकटी होती, आणि उरलेला एक डोळा मिटून झोपली होती.

नकटीची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक लांब कोट आखूड करायला टाकून गेलं आणि जाताना म्हणालं, दोन दिवस बाहेरगावी चाललोय, हिला तेवढी सांभाळा, कोट न्यायला येईन तेव्हा हिलाही नेईन. तो कोट अजून ‘न नेलेल्या’ कपड्यांच्या दांडीवर लटकतोय. दुकानाचा रिवाज असा, की वर्ष उलटलं की न नेलेला कपडा गरजूला देऊन टाकायचा. नकटीचं वर्ष भरलं त्या दिवशी भावजयीने विचारलं, “वन्सं, आता हिला कुणाला द्यायचं?”

“गरजूला,” मास्तरीण म्हणाली. “म्हणजे मला.”

तिची जातच चपट्या तोंडाची. नाक असं नाहीच. चेहऱ्यावर कुणी इस्त्री ठेवून विसरून गेलं असावं. डोळे मात्र टपोरे, घराबाहेर येऊन बसलेले. अशा डोळ्यांना पापणी पुरत नाही. त्यातून नकटीच्या पापण्यांच्या कडा नाकाच्या बाजूने आत वळलेल्या, आणि नाकावरच्या वळीचे केस दिवसभर बुबुळावर झाडू मारायचे. बुबुळाला जखम व्हायची, डोळा लाल व्हायचा, पाणी गळायचं, ती पंजाने डोळा चोळायची आणि जखम आणखी वाढायची. वर्षात चार वेळा हे झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. या नकटीचं लग्न कुठेच ठरलं नव्हतं, तरी विघ्नं ठरल्या वेळी हजर.

मास्तरणीने काही कमी केलं नाही. सकाळी सहापासून दर दोन तासांनी थेंब, दोन औषधांमध्ये दहा मिनिटांचं अंतर, शेवटी मलम. शिलाई अर्धी टाकून ती उठायची. गिऱ्हाईक उभं असलं तर म्हणायची, थांबा जरा, आमच्या राणीसरकारांच्या डोळ्यांत औषध घालते. भावजय म्हणायची, “डोळ्यांत तेल घालून जपणं नुसतं ऐकलं होतं, आता रोज बघतेय.” दोघी हसायच्या. नकटी शिंकायची आणि थेंबांतले निम्मे मास्तरणीच्या चष्म्यावर उडवायची.

पाचव्या खेपेला डॉक्टर म्हणाले, औषधांनी भागणार नाही. डोळ्याचा आतला कोपरा थोडा शिवून लहान करायचा, म्हणजे पापणी आत वळणार नाही आणि डोळा झाकायला पुरेल. आधी डावा, मग दोन-अडीच महिन्यांनी उजवा. गावात डोळ्यांचं काम करणारे ते एकटेच. दुसरे डॉक्टर एक दिवसाच्या प्रवासावर, आणि त्यांच्याकडे तीन महिने तारीख मिळत नाही.

शिवायचं म्हटल्यावर मास्तरणीला धीर आला. शिवणं म्हणजे तिचा प्रांत. चाळीस वर्षं ती या मशीनवर बसत होती, आणि त्याआधी एक वर्ष बापाने तिला सुईला हात लावू दिला नव्हता. फक्त उसवायला बसवलं होतं. “ज्याला उसवता येत नाही त्याने शिवू नये,” असं अप्पा म्हणायचे. त्यांचं दुसरं म्हणणं याहून कडक. गाठ कधी अंगाच्या बाजूला येऊ द्यायची नाही आणि दोऱ्याचं टोक मोकळं सोडायचं नाही. गाठ अंगाला लागली की कपडा वैरी होतो. कुणी कितीही घाई करो, कपडा दुकानाबाहेर पडायच्या आधी मास्तरीण सगळ्या शिवणींवरून आतून बोट फिरवायची. बोटाला काही लागलं की उसवायची. मग तो लग्नाचा पोशाख असो की पोतं.

डावा डोळा शिवून नकटी घरी आली. पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, तोंडावर जगाचा रुसवा. दुसऱ्या दिवशी सूज जरा उतरल्यावर मास्तरणीने तिला मांडीवर घेतलं, दिव्याखाली धरलं, आणि बारीक कामाचं भिंग लावून टाके पाहिले. काम चांगलं होतं. पाच टाके, निळा नायलॉन, अंतर सारखं. पण कोपऱ्यातला सगळ्यात आतला टाका उलटा बसला होता. त्याची गाठ बुबुळाच्या बाजूला आली होती आणि टोक कापताना दोन केसांएवढं लांब राहिलं होतं. नकटी पापणी मिटायची तेव्हा ते टोक बुबुळावरून फिरायचं.

हातात कातर होती. धागा कापायची छोटी, चोचीची.

“कापा की वन्सं,” भावजय म्हणाली.

“डॉक्टरचं काम आहे ते. आपण कसं हात लावायचं?”

हे वाक्य मास्तरीण पुढे शंभर वेळा आठवणार होती. आयुष्यात तिने कुणाची उलटी गाठ खपवून घेतली नव्हती. बापाचीसुद्धा एकदा दाखवली होती. आणि इथे, भिंतीवर चार प्रमाणपत्रं टांगलेल्या माणसाच्या टाक्यापुढे, तिने कातर खाली ठेवली. चौथ्या दिवशी तपासणीला गेली तेव्हा तिने धीर करून सांगितलं, “डॉक्टर, तो आतला टाका उलटा आलाय. टोक टोचतंय तिला.”

डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. “सूज आहे, बाई. नवीन आहे, सवय होईल. आठवडाभरात सगळं बसेल.” आणि मग मदतनीस बाईंकडे बघून हसत म्हणाले, “यांना सांगा, तुम्ही कपडे शिवा, डोळे आम्ही शिवतो.”

मदतनीस बाई हसल्या नाहीत. मास्तरीण मात्र हसली. मोठा माणूस विनोद करतो तेव्हा लहान माणूस हसतो, तशी. त्या हसण्याची तिला अजून लाज वाटते.

घरी येऊन तिने घड्याळ लावलं आणि मोजलं. नकटी मिनिटाला नऊ वेळा पापणी मिटत होती. दर वेळी ते टोक फिरत होतं. सातव्या दिवशी सकाळी बुबुळ दुधासारखं पांढरं होतं आणि मध्ये भोक पडलं होतं. डोळा वाचला नाही. त्याच दिवशी तो काढून टाकावा लागला, आणि पापण्या कायमच्या शिवून टाकल्या. या वेळी सगळ्या गाठी बाहेर होत्या. आत टोचायला काही उरलंच नव्हतं ना.

“या जातीचं असंच असतं,” डॉक्टर हात धुताना म्हणाले. “नशीब.”

मास्तरीण भडभडून रडली ती तेव्हा. डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. मदतनीस बाईंनी मात्र ट्रेमधला कापूस तिच्या हातात ठेवला. कापसात तो टाका होता, गाठीसकट आणि टोकासकट. मास्तरणीने घरी आल्यावर तो स्पिरिटने धुतला आणि रिकाम्या बॉबिनच्या डबीत ठेवला. कशासाठी ते तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आता डॉक्टरांच्या मानेचं माप वहीत लिहिताना ते कळलं.

डॉक्टर गेल्यावर भावजयीने दुकानाचं दार लोटलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “वन्सं, तुमचा चेहरा मला अजिबात आवडत नाहीये.”

“मला कुठे आवडतो?”

“चेष्टा नको. कोट सरळ शिवा. पुढच्या गुरुवारी उजव्या डोळ्याची तारीख आहे. आपली मान त्याच्या हातात आहे.”

“आणि त्याची माझ्या,” मास्तरीण म्हणाली.

“अडला हरी गाढवाचे पाय धरतो.”

“धरेन ना. गुरुवारी धरेन. त्याआधी शनिवारी लाथ मारेन.”

आणि तिने कोट शिवला. खरं सांगायचं तर असा कोट तिने दहा वर्षांत शिवला नव्हता. खांदा असा उतरला की पाहत राहावं, बाही अशी बसली की जणू अंगातच उगवली. रागाने माणसाचा हात बिघडतो म्हणतात, तिचा सुधारला. शुक्रवारी दुपारी कॉलर उरली. ती ताठ राहावी म्हणून आत कॅनव्हास घातला, गडद निळं अस्तर वर ओढलं, आणि मग डबी उघडली. मानेच्या मागे, मणक्याच्या किंचित डावीकडे, तिने तो टाका अस्तराच्या आत आपल्या दोऱ्याने पक्का बांधला. टोक अस्तरातून बाहेर काढलं, दोन केसांएवढंच, कमी नाही जास्त नाही. मान ताठ असेल तर काही लागायचं नाही. मान खाली घातली की टोचायचं. निळ्यावर निळं, दिसायचा प्रश्नच नव्हता.

सवयीने तिने आतून बोट फिरवलं. बोटाला टोक लागलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच तिने उसवलं नाही. हात क्षणभर थांबला, नाही असं नाही. अप्पांची आठवणही आली. पण टेबलाखाली नकटी डावीकडच्या खुर्चीला धडकली, कारण डावीकडचं तिला दिसत नव्हतं, आणि मास्तरणीने कोटाला शेवटची इस्त्री केली.

शनिवारी दोघी नणंद-भावजया सभागृहात मागच्या रांगेत बसल्या. डॉक्टरांच्या बायकोने आग्रहाने बोलावलं होतं. कोटाचं कौतुक लोकांनी करावं आणि शिवणारीने ऐकावं, असा साधा हेतू. डॉक्टर मंचावर रुबाबदार दिसत होते. अध्यक्षांनी पदक घालायला हात वर केले, डॉक्टरांनी मान लववली आणि दचकून परत वर केली. पदक अध्यक्षांच्या हातातच राहिलं.

“एक,” मास्तरीण म्हणाली.

मग मानपत्र घेताना, दिवा नीट करताना, भाषणाचा कागद वाचताना. कागद वाचायला मान खाली घालावी लागते. डॉक्टर सांगत होते, “डोळ्याच्या कामात एका केसाचा फरकसुद्धा चालत नाही,” आणि हात मागे जात होता. बोट कॉलरमध्ये जायचं, काही सापडायचं नाही, बाहेर यायचं. लोकांना वाटलं, सद्गदित झालेत. भाषणाच्या मध्येच त्यांनी गळ्याचा हूक काढला. फोटोसाठी पुन्हा लावावा लागला.

“सतरा,” मास्तरीण म्हणाली.

भावजयीने पदर तोंडात कोंबला होता. भीती वाटत होती की हसू येत होतं, ते तिलाच सांगता आलं नसतं. मास्तरणीला मात्र नीट सांगता आलं असतं. मजा आली. दोन तास तिला शुद्ध, निर्भेळ मजा आली. लोक म्हणतात सूड घेऊन मन भरत नाही. असं म्हणणाऱ्यांनी कधी नीट मापाने सूड शिवलेला नसतो.

सोमवारी सकाळी डॉक्टर स्वतः दुकानात आले. कोट हातावर, मानेवर लाल चट्टा. “बाई, या कोटात काहीतरी आहे. टोचतंय.”

मास्तरणीने मशीन थांबवलं नाही. “नवीन आहे, डॉक्टर. सवय होईल. आठवडाभरात सगळं बसेल.”

“अहो, सवय काय होईल? माझी मान बघा!”

तिने बसल्या जागेवरून, लांबूनच पाहिलं. “सूज आहे.”

“मी सांगतोय तुम्हाला, आत काहीतरी आहे! मला कळतं की नाही?”

“तुम्ही डोळे शिवा, डॉक्टर. कपडे आम्ही शिवतो.”

 डॉक्टरांनी कुठेतरी ऐकलेलं वाक्य होतं, कुठे ते आठवत नव्हतं. मास्तरीण उठली. तिने कोट दिव्याखाली पसरला, कॉलर उलटी केली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. डॉक्टर वाकले. भिंगाखाली अस्तर होतं, आणि अस्तरातून निघालेलं निळं टोक.  आपल्या रोजच्या हातातला धागा माणूस ओळखतो.

“हा नायलॉन…”

“तुमचाच. तुमची गाठ, तुमचं टोक. आमच्याकडे राहिला होता, परत केला. तुम्हाला दोन तासांत सतरा वेळा टोचला. तिला मिनिटाला नऊ वेळा, सात दिवस.”

तेवढ्यात नकटी टेबलाखालून बाहेर आली, डॉक्टरांच्या बुटापाशी थांबली, एका डोळ्याने वर पाहिलं आणि सगळ्या अंगानिशी शिंकली. माणसाला न ओळखणाऱ्या डॉक्टरांनी कुत्र्याला लगेच ओळखलं. चेहरा आधी उतरला, मग लाल झाला.

“म्हणजे तुम्ही मुद्दाम…! भर सभेत माझं…! गुरुवारची तारीख रद्द समजा. दुसरा डॉक्टर शोधा.”

कोट तिथेच टाकून ते गेले. दाराची काच बराच वेळ थरथरत होती.

“झालं समाधान?” भावजय म्हणाली. तिने नकटीला उचलून घेतलं होतं आणि तिचे डोळे भरले होते. “मी सांगत होते, वन्सं. तुमचा सूड झाला, आता डोळा हिचा जाणार.”

मास्तरणीने टाकलेला कोट उचलून दांडीवर अडकवला. 

मंगळवारी सकाळी थेंब घालताना तिला उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, मोहरीएवढा. संध्याकाळी तो मोठा होता. दूरगावच्या डॉक्टरांना फोन केला, तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. नकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून भिंतीकडे बघत होती, आणि भिंत किती दिवस दिसणार होती कोण जाणे.  एका उलट्या टाक्याने डावा गेला, दुसऱ्या उलट्या टाक्याने उजवा जाणार, आणि हा दुसरा तिने स्वतः घातला होता, जाणूनबुजून, बोटाला लागत असताना.

तिने कोट ओढून घेतला आणि कॉलर उसवली.

बुधवारी ती दवाखान्यात रांगेत बसली. एका काखेत नकटी, दुसऱ्या हातावर कोट. नंबर आला तशी आत गेली. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि तोंड कडू केलं.

“माफी मागायला आला असाल तर…”

“नाही आले. कोट घाला.”

“काय?”

“घाला तरी.”

मदतनीस बाई दारात उभ्या होत्या. का कोण जाणे, त्यांच्या देखत डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी कोट घातला, हूक लावला आणि जपून मान खाली घातली. मग आणखी खाली. मग दोन्ही बाजूंना वळवली. काहीच टोचलं नाही.

“उसवला, टोक काढलं आणि पुन्हा शिवला,” मास्तरीण म्हणाली. “वीस मिनिटं लागली. तुम्हालाही त्या दिवशी तेवढीच लागली असती.”

डॉक्टर कोट घालून तसेच उभे राहिले.  मग त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला, नकटीला टेबलावर घेतलं, आणि या वेळी लांबून नाही, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून डोळा पाहिला. नकटीने त्यांची हनुवटी चाटली. तिला बिचारीला वैर कशाशी खातात माहीत नव्हतं.

“उद्या सकाळी उपाशीपोटी आणा,” ते म्हणाले. “उशीर केला तर हाही जाईल.”

“आणते. पण मी आत उभी राहणार. भिंग घेऊन.”

“तसं चालत नाही.”

“न चालायला काय झालं? मी माझ्या दुकानात तुम्हाला भिंग दिलं होतं.”

“जास्तीचा गाऊन आहे, डॉक्टर,” मदतनीस बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मास्तरणीने पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं. “एक शब्द बोलायचा नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही बोलणार.”

गुरुवारी मास्तरीण हिरवा गाऊन, टोपी आणि तोंडाला पट्टी लावून उभी होती. गाऊनची बाही तिरकी बसली होती, पण तिने त्याबद्दल ब्र काढला नाही. टेबलावर नकटी भूल देऊन आडवी, घशात नळी, जीभ बाहेर ओढलेली. अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा भुलेत श्वास कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणून मदतनीस बाई तिच्या छातीवरून नजर हलवत नव्हत्या. मास्तरीण सुईवरून हलवत नव्हती.

पहिला टाका पडला. गाठ बाहेर, टोक आखूड. दुसरा तसाच. डॉक्टरांचा हात खरोखर चांगला होता, हे तिने मनात कबूल केलं आणि त्याचाही राग आला. इतका चांगला हात असताना! तिसरा. चौथा. मग सगळ्यात आतला, कोपऱ्यातला, पाचवा. जागा अरुंद, सुई फिरवायला वाव नाही. डॉक्टरांनी धागा ओढला, गाठ मारली, टोक कापलं आणि सुईचा चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

“झालं,” ते म्हणाले.

मास्तरीण वाकली. भिंगाखाली गाठ दिसली. ती सरकून बुबुळाच्या बाजूला गेली होती, आणि टोक, या वेळी एकाच केसाएवढं, आत बघत होतं.

 एक शब्द बोलायचा नाही असं ठरलं होतं. पुढे डॉक्टर चिडले, हातातली हत्यारं टाकून निघून गेले, तर अर्धा शिवलेला डोळा टेबलावर राहणार होता. आणि ती गप्प बसली, तर पुन्हा सात दिवस, मिनिटाला नऊ वेळा.

“उसवा,” मास्तरीण म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. पट्टीच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यांत राग होता, चांगलाच. “ते टोक बाहेरून कापलं की…”

“गाठ अंगाला लागलीय. उसवा.”

डॉक्टरांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि मानेमागे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांना हातमोज्यांची आठवण झाली आणि हात हवेतच थांबला.  मग तो खाली आला आणि तळवा मदतनीस बाईंपुढे उघडला.

“कातर,” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी छोटी, चोचीची कातर त्यांच्या हातावर ठेवली.